गस्तीची वही

मोरीवरच्या अनुसयाचं मंगळसूत्र गेलं त्या आठवड्यात
चोरग्यांनी शंभर पानी वही आणली.
पहिल्या पानाला हळदकुंकू लावलं, सवयीनं.
तुर्भ्याच्या मार्केटात गोणी मोजण्यात उभा जन्म गेलेला,
आता चोराचाही हिशोब ठेवणार.

अकरा ते दोन. दोन ते पाच.
दोघं दोघं. शिट्टी एक, बॅटरी एक,
काठी ज्याची त्याची.
यादीत बाई एकही नव्हती.
मी म्हटलं, गेलं ते गळ्यातलं कुणाच्या?
मग आलं माझं नाव. गुरुवार, दोन ते पाच.
आणि जोडीला भिंतीपलीकडची वत्सला मढवी,
जिच्याशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते.
कारण तिच्या गच्चीची पन्हाळ
माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत रिकामी होते.

कोपरखैरण्यातली आमची गल्ली म्हणजे सात फूट.
एकावर एक मजले चढवून घरं वर वर गेली
आणि वर जाऊन एकमेकांना टेकली.
अंतर राखून चालू म्हटलं तरी
दंडाला दंड घासतो.
शिट्टी तिच्याकडे, बॅटरी माझ्याकडे.
तिनं वाजवायचं, मी दाखवायचं.
बोलायचा प्रश्न नव्हता.

पहिल्या गुरुवारी लिहिलं, काही नाही.
दुसऱ्या गुरुवारी, काही नाही.
खरं तर घाडग्यांचा मुलगा जिन्यात बसलेला,
निकाल घरी न सांगितलेला.
खरं तर विलासिनीचेचीचा ग्राइंडर साडेतीनला घरघरायचा,
आणि कोपऱ्यावर कंपनीची गाडी थांबायची,
मीनलनं आतून कडी लावल्याचा आवाज येईस्तोवर
ड्रायव्हर इंजिन बंद करून वाट बघायचा.
वाऱ्यावर खाडीचा वास.
एवढं सगळं लिहायला वहीत रकाना नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी, दोनशे बारापाशी,
दाराआड काहीतरी आपटलं.
भांडं नव्हे.
भांडं पडलं की मागून कुणीतरी बोलतं.
इथं कुणीच बोललं नाही.

आम्ही उभ्या राहिलो.
माझी बॅटरी आपोआप खाली वळली, माझ्याच चपलांवर.
दुसऱ्याच्या घरातलं, मी मनात म्हणत होते,
दुसऱ्याच्या घरातलं.
वत्सलानं शिट्टी तोंडाला लावली
आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा
त्या दाराच्या फटीत ओतला.
तीन खिडक्या उघडल्या.
दोनशे बाराचा दिवा विझला.

सकाळी वहीत मी लिहिलं,
२१२ समोर शिट्टी वाजवली. वेळ ३.१०.
चोरग्यांनी चष्मा वर सरकवला.
चोर दिसला का?
वत्सला म्हणाली, दिसला नाय. आयकू आयला.
ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले,
वजनात गोणी कमी भरल्यासारखे.
पुढच्या गुरुवारी अकरा ते दोनची पाळी संपली
तरी ते घरी गेले नाहीत.
दोनशे बाराच्या समोरच्या ओट्यावर
तंबाखू मळत बसून राहिले, पहाटेपर्यंत.

तिचं नाव प्रणाली.
महिन्याभरानं एकदा पहाटे चारला बादली घेऊन बाहेर आली.
नळाला पाणी सहाला येतं, तिलाही माहीत, आम्हालाही.
मी थर्मासच्या झाकणात चहा दिला.
तिनं तो दोन्ही हातांनी धरला.
काही विचारलं नाही आम्ही.
विचारायला हवं होतं का, अजून कळत नाही.

मग कॅमेरे आले. घरटी अकराशे रुपये.
एक गल्लीच्या तोंडाशी, एक देवळावर,
दोन कुणाच्या तरी गाडीकडे बघत.
गस्त बंद. वही चोरग्यांच्या कपाटात.
प्रणाली माहेरी आहे, पाटणकडे,
परत येणार की नाही
यावर नळापाशी दोन मतं आहेत.

गुरुवारी दोनला मला जाग येतेच.
भिंतीला कान लावते,
पलीकडे वत्सलाची खाट करकरते, तीही जागीच.
पन्हाळ होती तिथंच आहे,
ओल यंदा मसाल्याच्या फळीपर्यंत चढली,
त्यावरून परवाच आमचं वाजलं.

हिशोब मिटवताना चोरग्यांनी
बॅटरी जमा म्हणून टिक केली.
खाली मात्र लाल शाईत एक ओळ तशीच ठेवली,
येणे बाकी : शिट्टी, नग एक, मढवी यांजकडून.
मागायला कुणी गेलेलं नाही.